सातवा कोपरा

वडील मोजणी खात्यात साखळी ओढायचे.
तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची,
दोन्ही टोकांना पितळी कड्या.
रोज सकाळी वडूजच्या कचेरीबाहेर
जोत्यावर कोरलेल्या दोन खुणांमध्ये ती ताणून बघायचे.
म्हणायचे, वापरून वापरून लांबते ही,
आणि लांबलेल्या साखळीत
माणसाची जमीन कमी भरते.

मी आठवीत होते. मे महिना.
निमसोडच्या खालच्या रानात झेंड्या धरायला मी.
एकीकडे हिंदुराव, एकीकडे भानुदास,
चुलत भाऊ, आडनाव एक, छत्र्या दोन.
मधे शिकलगार साहेब, मानेवर ओला रुमाल.
बाजू भरल्या सात.
सहा कोपरे नाक बाहेर काढून उभे,
सातवा मात्र आत घुसलेला,
भानुदासच्या विहिरीला वळसा घालून.

"एवढा कोपरा काढा की सायेब," हिंदुराव म्हणाले,
"हितनं हितपातूर सरळ दोरी मारा.
सहा बाजवांचं रान काय रान न्हवं?"

साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही.
"रान होईल. दीड गुंठा वाढेल.
आणि विहीर तुमच्यात येईल."

वडील खुंटी ठोकता ठोकता पुटपुटले,
"आणि दोन काटकोन कमी होतील."

कुणीच हसलं नाही.
भानुदासनं विहिरीच्या काठावरचा एक खडा
पायानं आत ढकलला.
बराच वेळानं आवाज आला.

मग साहेबांनी फळ्याची तिवई उचलली
आणि नेमकी त्या आतल्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली.
मला वाटलं, भांडण मिटवायला.
तसं नव्हतं.
त्या एकाच जागेवरून उरलेले सहाही कोपरे दिसत होते.
मी एकेक झेंडी धरत गेले,
साहेब पट्टीतून बघत रेघा मारत गेले.
दोन रेघा बांधालगत, चार रानातून,
आणि सात कोनांच्या त्या वाकड्या जमिनीचे
पाच त्रिकोण पडले.
प्रत्येक त्रिकोणात दोन काटकोन,
एक इकडे कमी ना तिकडे जास्त.

भाकरी खाऊन झाल्यावर वडील म्हणाले,
"बांधावरून एक फेरी मार.
शेत डाव्या हाताला ठेव.
कुठल्या कोपऱ्यावर किती वळलीस, ध्यानात धर."

निघताना तोंड भूषणगडाकडे होतं.
बांधावर कुसळं, ढेकळं, एक सरड्याची शेपूट.
पहिल्या कोपऱ्यावर जरा डावीकडे,
दुसऱ्यावर बरीच,
तिसरा इतका टोकदार की जवळजवळ माघारीच.
विहिरीपाशी आले आणि पाय अडला.
इथे उजवीकडे वळावं लागत होतं.
म्हणजे आत्तापर्यंत जे वळले
त्यातलं थोडं परत द्यायचं.
मी दिलं.
पुढच्या तीन कोपऱ्यांनी ते भरून घेतलं.

पहिल्या खुंटीवर पोचून शेवटचं वळण घेतलं
तर समोर पुन्हा भूषणगड.
तसाच, त्याच जागी, उन्हात पांढुरका.
"एक पुरी गिरकी," वडील म्हणाले.
"तीन बाजू असू देत नाहीतर तीस.
बांध सोडला नाहीस तर तेवढीच."

मोजणीच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या.
हिंदुरावांची सही फार दाबून, कागद फाटेल अशी.
पुढे ते कोर्टात गेले की नाही, मला माहीत नाही.

आता मी आठवीलाच शिकवते.
पोरं पंचकोन काढतात तो पुस्तकातला,
सगळ्या बाजू सारख्या, कोन एकशे आठचे,
आंघोळ करून फोटोला बसल्यासारखा.
काल तेजस खरमाटेनं एक भलताच काढला,
एक कोन आत मुडपलेला.
शेजारचा म्हणाला, "बाई, ह्याचा चुकलाय."
तेजस खोडरबर शोधायला लागला.

मी त्याचा हात धरला.
"खोडू नकोस. आधी त्या कोपऱ्यावर बोट ठेव.
आता सांग, तिथून काय काय दिसतं?"

तो वाकून
बराच वेळ बघत राहिला.